प्रस्तावना : घरची सेडान पारखताना

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माल तपासल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग असो की सीएनसीवर उतरलेला जॉब, त्याला व्हर्नियर लागतो, गेज लागतो, तपासणीच्या कागदावर सही होते आणि मगच चलन फाटतं. काही मायक्रॉनचा फरक पडला तरी माल परत येतो, हे इथल्या हेल्परलाही ठाऊक असतं. आपल्यातलीच ही माणसं घरासाठी आठ-दहा लाखांची गाडी घ्यायला जातात, तेव्हा मात्र रंग बघतात, सीटवर बसून बघतात, गाणी लावून बघतात आणि टोकन देऊन मोकळी होतात. घरानंतरचा आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च अर्ध्या तासात उरकला जातो. पुढची पानं त्या अर्ध्या तासासाठी लिहिली आहेत. कारखान्यात जी तपासणीची शिस्त आपण रोज पाळतो, तीच शिस्त गाडीला लावायची, एवढंच या पुस्तिकेचं सांगणं आहे.

विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. इथे मध्यम आकाराच्या सेडानचाच विचार केला आहे : होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, मारुती सियाझ, फोक्सवॅगन व्हेंटो आणि व्हर्टुस, स्कोडा रॅपिड आणि स्लाव्हिया. यातल्या काही आजही शोरूममध्ये मिळतात, काही आता फक्त जुन्या बाजारात. दोन्ही मार्गांनी घेणाऱ्यांचा विचार केला आहे, कारण कुपवाड-मिरज भागात ‘नवी छोटी घ्यावी की वापरलेली मोठी’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात एकदा तरी पडतो.

सेडानच का, असं कुणी विचारेल. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आज निम्म्याहून अधिक गाड्या एसयूव्ही प्रकारच्या आहेत. उंच गाडीचा रुबाब वेगळा, खड्ड्यांची भीती कमी, आणि म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार सोपी, हे सगळं खरंच आहे. पण सेडानचे गुण त्यामुळे नाहीसे होत नाहीत. डिकी वेगळी असल्यामुळे सामानाचा आणि मागच्या चाकांचा आवाज आत कमी येतो. गाडीचा भार जमिनीजवळ राहतो, म्हणून वळणावर ती कमी झुकते आणि मागच्या सीटवरच्या लहान मुलाचं पोट ढवळत नाही. हवा कापत जाण्याचा आकार असल्यानं हायवेवर तेवढ्याच इंजिनात अ‍ॅव्हरेज बरं मिळतं. आणि लोकांचा ओढा दुसरीकडे गेल्यामुळे वापरलेली चांगली सेडान आज तिच्या गुणांच्या मानानं स्वस्त पडते. ज्या घराला गाडी दाखवायची नाही, वापरायची आहे, त्या घराच्या हे पथ्यावर पडणारं आहे.

‘मध्यम आकार’ म्हणजे नेमकं काय, हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण ही रेघ करानं आखलेली आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि छोट्या गाडीची व्याख्या ठरली : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून कंपन्यांनी सेडानची शेपटी कापून ती ४ मीटरच्या आत बसवायला सुरुवात केली. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर ही त्याच वाटेवरची मंडळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, तरी रेघ तिथेच राहिली. छोट्या गाडीवर १८ टक्के आणि तिच्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे साडेचार मीटर लांबीची सिटी किंवा व्हर्ना घेताना आपण करापोटीच बरीच जास्त रक्कम मोजत असतो.

त्या बदल्यात मिळतं काय? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर डिझायरमध्ये २४५० मिलीमीटर आहे, सिटीत २६००, व्हर्टुसमध्ये २६५१ आणि २०२३ च्या व्हर्नात २६७०. हे वाढलेलं अंतर बहुतेक सगळं मागच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळतं. डिकी नव्या डिझायरमध्ये ३८२ लिटरची, तर सिटीत ५०६, व्हर्टुस आणि स्लाव्हियात ५२१, व्हर्नात ५२८ लिटरची. चौघांच्या बॅगा आणि आईनं भरून दिलेला ज्वारी-हळदीचा डबा एकत्र मावतो का, याचं उत्तर या आकड्यांत आहे. घरात मागे बसणारी मोठी माणसं तीन असतील, तर जास्तीचा कर सार्थकी लागतो. मागची सीट बहुतेक वेळा रिकामीच राहणार असेल, तर ४ मीटरच्या आतली सेडान पुरते, आणि ते पैसे वाचवण्यात काहीच कमीपणा नाही.

आपल्या भागाचा आणि घरच्या सेडानचा संबंध नवा नाही. विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची उभारणी केली. मूळचे ते सोलापूरचे. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या या महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फिएट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, ही महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची कित्येक वर्षं एकमेव स्वप्नातली गाडी होती. ती घेताना पारखायचं काय, हा प्रश्नच नव्हता. नंबर लावायचा, वाट पाहायची आणि मिळेल त्या रंगाची गाडी घरी आणायची. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. तोवर चित्र पालटलं होतं. १९९८ च्या फेब्रुवारीत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, आणि त्याच वर्षी होंडा सिटी भारतात विक्रीला आली. व्हर्टुस आणि स्लाव्हिया आता पुण्याजवळ चाकणला तयार होतात. निवड वाढली, कर्ज सहज मिळू लागलं आणि पारखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आली. ती उचलायची सवय मात्र अजून आपल्याला लागलेली नाही.

पारख सुरू कुठून करायची? गाडीपासून नाही, आपल्या घराच्या वर्षापासून. एक कागद घ्यावा आणि गेल्या वर्षभरात घरातली माणसं कुठे कुठे गेली, ते लिहून काढावं. कुपवाडमधल्या अनेक घरांचा कागद साधारण सारखाच निघेल. रोज कारखाना, शाळा, विश्रामबागचा बाजार, म्हणजे पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या. आई-वडिलांना घेऊन मिरजेच्या दवाखान्यात. मुलगा किंवा मुलगी पुण्यात नोकरीला असेल, तर महिन्या-दोन महिन्यांनी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरची धाव, येताना खंबाटकीचा चढ भरल्या गाडीनं. वर्षातून एखादी पंढरपूरची फेरी, आंबा घाटातून रत्नागिरी, आणि लग्नसराईत तासगाव, जत, इचलकरंजी.

हा कागद गाडी ठरवतो. रोजच्या फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्याच असतील, तर वापरलेल्या बीएस ६ डिझेल सेडानच्या वाटेला जाऊ नये. तिच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी साफ व्हायला गाडी हायवेवर तापून सलग पळावी लागते. शहरात तेवढी ती तापतच नाही, गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च हजारांत राहत नाही. या गटातल्या डिझेल गाड्यांचं नवं उत्पादन २०२३ पर्यंत संपलं आहे, तेव्हा डिझेल हवीच असेल तर ती जुन्या बाजारातूनच घ्यावी लागेल. आणि ती त्यानंच घ्यावी, ज्याचा आठवड्याचा निम्मा वेळ कोल्हापूर-पुणे रस्त्यावर जातो.

सीएनजीचं किट नंतर बसवलेली सेडानही बरीच दिसते. इंधनाचा खर्च निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, पण टाकी डिकीत बसते आणि ज्या डिकीसाठी लांब गाडी घेतली, तीच जाते. किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दाबचाचणी वेळच्या वेळी झाली आहे का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये. नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवते.

इंधनाचा हिशोब करताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवावा आणि आपलाच धरावा. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि लिटरला १०५ रुपये धरले, तर १५ च्या अ‍ॅव्हरेजला वर्षाचे ८४,००० रुपये होतात, १८ च्या अ‍ॅव्हरेजला ७०,०००, आणि हायब्रिड गाडीनं २५ दिलं तर ५०,४००. म्हणजे १५ आणि २५ मधला फरक वर्षाला ३३,६०० रुपयांचा. हायब्रिडसाठी जास्त मोजावे लागणारे पैसे या आकड्यानं भागले, की ते किती वर्षांत वसूल होतील ते कळतं. ज्याचं वापराचं अंतर याच्या दुप्पट आहे, त्याच्यासाठी उत्तर वेगळं येईल. म्हणूनच शेजाऱ्यानं घेतलेली गाडी आपल्याला योग्य असेलच असं नाही.

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता पंपावर नेहमीचं झालं आहे. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला त्याचं अप्रूप नाही. आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल जातं आणि शेतकऱ्याच्या बिलाला त्याचा आधार मिळतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्यानं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं आणि फार जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या, सील यांना ते मानवत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे बनवलेले असतात. त्याआधीची गाडी घेताना कंपनीचं मॅन्युअल उघडून इंधनाचं पान वाचावं आणि इंजिनाखालच्या नळ्यांना चिरा आहेत का, ते मेकॅनिककडून बघून घ्यावं.

नव्या गाडीची पारख सोपी आहे असं वाटतं, पण तिथेही तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ठिकाण किंमत. या गटातल्या नव्या गाड्यांची शोरूमची किंमत साधारण १० ते २० लाखांच्या दरम्यान असते. महाराष्ट्रात १० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे १२ लाखांच्या गाडीवर १,४४,००० रुपये. छोट्या उद्योजकांना गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा मोह होतो. तिथे हा कर २० टक्क्यांपर्यंत जातो. घसाऱ्याचा फायदा आणि जास्तीचा कर एकमेकांसमोर मांडून आपल्या सीएला विचारूनच नाव ठरवावं.

दुसरं ठिकाण सुरक्षितता. पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या त्या २०२१ च्या अखेरीला. त्याआधीच्या गाड्यांत स्वस्त मॉडेल आणि महाग मॉडेल यांत जीव वाचवण्याच्या वस्तूंचाच फरक असे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत व्हर्टुस, स्लाव्हिया आणि नवी व्हर्ना यांना २०२३ मध्ये ५ तारे मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. सनरूफ आणि मोठा पडदा यांसाठी वरचं मॉडेल घेणाऱ्यानं आधी हे तारे बघावेत. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही, तर पाचही तारे कागदावरच राहतात.

तिसरं ठिकाण मुहूर्त. पाडवा आणि दसरा हे गाडी घरी आणण्याचे दिवस आहेत, ते जरूर पाळावेत. द्राक्षाचे पैसे हातात आले की किंवा हळदीची पट्टी झाली की गाडीचा विचार होतो, हेही साहजिक आहे. पण मुहूर्ताच्या दिवशी सकाळी शोरूममध्ये रांग लागलेली असते आणि हारात झाकलेल्या गाडीची तपासणी कुणालाच जमत नाही. ती त्याआधी, आणि गाडीचं पासिंग होण्यापूर्वी, दिवसाउजेडी यार्डात करायची. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, टायर आणि काचांवरचे छाप त्याला जुळतात का, दारांच्या कडांना पुन्हा रंगाचा हात फिरला आहे का, मीटरवर किती किलोमीटर पडले आहेत. एकदा नोंदणी झाली की गाडी आपली. मग तक्रार करता येते, गाडी नाकारता येत नाही. डिसेंबरात मोठी सूट देऊन दिलेली गाडी जानेवारीत पास करून घेतली, तरी विकताना तिचं वय उत्पादनाच्या वर्षापासूनच मोजलं जातं, हेही त्या सुटीतून वजा करून बघावं.

चाचणीची फेरी एकट्यानं घेऊ नये. ज्यांना गाडीत बसायचं आहे त्यांना न्यावं. आजीला मागच्या सीटवर बसवावं आणि तिला कुणाचाही हात न धरता बाहेर येता येतं का, ते पाहावं. सेडानची सीट खाली असते, गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला ती परीक्षाच असते. पाच माणसं बसवून कॉलनीतल्या सगळ्यात उंच गतिरोधकावरून गाडी न्यावी. सिटीसाठी १६५ आणि व्हर्टुससाठी १७९ मिलीमीटर हे जमिनीपासूनच्या उंचीचे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. भरलेली गाडी किती बसते आणि पोटाला घासते का, हे गतिरोधकच सांगेल. शक्य असेल तर एक फेरी रात्रीची घ्यावी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात, कित्येकांना मागचा लाल दिवाही नसतो. तेव्हा हेडलाइटचा उजेड किती लांब पोहोचतो, हा आपल्या भागात जीवनमरणाचा मुद्दा आहे.

आता वापरलेल्या गाडीकडे वळू. पुस्तिकेचा मोठा भाग तिच्यावर आहे आणि तो तसा असायला हवा. ‘दादा, सिंगल हँड गाडी आहे, डॉक्टरांची आहे, डोळे झाकून घ्या,’ हे वाक्य ऐकलं की डोळे आणखी उघडायचे. सांगणारा खोटंच बोलतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाही तेवढंच सांगितलेलं असतं. गाडीला मात्र स्वतःची साक्ष देता येते. ती घ्यायची कशी, ते माहीत हवं.

टायरचं उदाहरण घेऊ. प्रत्येक टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. समजा गाडी २०१९ ची आहे आणि मीटर २८,००० किलोमीटर दाखवतो. चारही टायर २०१९ चेच निघाले, तर मीटरचं म्हणणं जुळतं. चारही टायर २०२२ चे निघाले, तर विचारायचं : अठ्ठावीस हजारांच्या आत चारही टायर बदलायची वेळ का आली? कारण खरं असेल, तर मालक पटकन सांगतो. मग ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली बाजू बघायची. शेवटी मालकाच्या संमतीनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तारीखवार नोंदी मागवायच्या. मीटर मागे फिरवता येतो, पण एवढे सगळे पुरावे एकत्र फिरवणं कुणाला जमत नाही.

रंगासाठी आपल्या कारखान्यात असतो तसाच जाडी मोजणारा मीटर वापरता येतो. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर त्याच्या दुपटीहून जास्त आकडा आला, तर तिथे पुन्हा रंग झाला आहे. त्याहूनही बराच जास्त आला, तर खाली पुट्टी आहे. दाराला ओरखडा पडून रंग झाला असेल, तर घाबरायचं कारण नाही, आपल्या अरुंद गल्ल्यांत ते चालायचंच. पण बोनेट उघडून आतल्या पट्टीवरचे आणि अ‍ॅप्रनवरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला वेडेवाकडे दिसले, किंवा दाराचं रबर ओढल्यावर पिलरला जोड दिसला, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडायची. अपघातात जो सांगाडा माणसाला वाचवतो, तोच तिथे एकदा खर्ची पडलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या पुढे गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, शामरावनगर या भागांत दिवसच्या दिवस पाणी होतं आणि दारात उभ्या गाड्या त्यात बुडाल्या. कुपवाड उंचावर आहे, इथे कृष्णेचं पाणी येत नाही. म्हणून ‘गाडी कुपवाडची आहे’ एवढ्यावर लोक निश्चिंत होतात. पण गाडीचा नंबर ती कुठे उभी होती ते सांगत नाही. त्यात कोल्हापूर, पुणे, मुंबईतूनही गाड्या येत असतात, आणि पाणी तिथेही शिरलं आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. अशा गाड्या लिलावात जातात, वाळवून, सीटकव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात. सेडानची बैठक खाली असते, त्यामुळे पाणी तिच्यात एसयूव्हीच्या आधी शिरतं.

यावर उपाय साधा आहे. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी रिळाच्या तळापर्यंत ओढून काढावा. धुणारा माणूस दिसतो तेवढा पट्टा धुतो. गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची पिवळट-तपकिरी रेघ राहून जाते, तिथे बोट फिरवलं तर बारीक माती हाताला लागते. मग पुढची सीट मागे सारून तिच्या रुळांचे बोल्ट बघावेत. चालकाच्या पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचा फेल्ट हातानं दाबावा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खोलगट जागेत गंज किंवा सुकलेला गाळ आहे का, ते टॉर्चनं पाहावं. काचा बंद करून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसावं. कुबट वास अत्तरानं झाकला जात नाही. विजेच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर आला असेल, तर ती गाडी आज चालते म्हणून उद्याही चालेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एअरबॅगचा जोडही त्याच तारांमध्ये असतो.

पुरात गाडी गेलेल्या माणसाबद्दल मनात राग नको. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यानं गाडी दुरुस्त करून, तसं स्पष्ट सांगून, कमी किमतीत विकली तर त्यात गैर काही नाही. घेणाऱ्यानंही ती डोळसपणे घ्यावी. चुकतं ते लपवलं जातं तेव्हा. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला एक प्रश्न सरळ विचारावा : २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ही गाडी कुठे होती? उत्तराबरोबर त्या महिन्यांच्या आसपासची सर्व्हिसची बिलं मागावीत.

कागदांचीही साक्ष असते. विम्याच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’चा आकडा छापलेला असतो. क्लेम न घेता वर्षं गेली तर तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर जातो आणि क्लेम घेतला की साधारणपणे शून्यावर येतो. एकाच मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीवर हा आकडा शून्य दिसला, तर दोन-तीनच शक्यता उरतात : अलीकडे मोठं काम निघालं, विमा मध्ये तुटला, किंवा मालकानं बोनस आपल्या नव्या गाडीकडे वळवला. कोणती, ते विचारून घ्यावं. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली चलानं ऑनलाइन बघता येतात, तीही बघावीत. होंडानं टाकाटा कंपनीच्या एअरबॅगसाठी जुन्या सिटी भारतातही माघारी बोलावल्या होत्या. तशी गाडी असेल, तर चेसिस नंबरवरून ते काम झालं आहे का, हे कंपनीकडून तपासता येतं आणि झालं नसेल तर तो भाग बदलूनही मिळतो, तेही विनामूल्य.

नाव बदलण्याचा विषय विकणाऱ्यालाही तेवढाच लागू आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली, पैसे घेतले आणि ‘टीटी’, म्हणजे नावाची बदली, ‘नंतर करू’ म्हणून सोडून दिलं, असं आपल्याकडे सर्रास होतं. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्रेत्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. कुणीतरी तिसऱ्यानंच गाडी चालवावी आणि नोटीस आपल्या दारात यावी, हे टाळायचं असेल तर सांगलीच्या आरटीओत स्वतः जाऊन नोंद बदलल्याची खात्री करावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमानं आहे : आधी घराचं वर्ष, मग पैशांचा हिशोब, मग नव्या गाडीची तपासणी, मग वापरलेल्या गाडीची, शेवटी कागद. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस कारखान्यातल्या तपासणी तक्त्यासारखा एक तक्ता दिला आहे. तो फाडून बरोबर न्यावा आणि गाडीपाशी उभं राहून भरावा. कुठल्याही एका कंपनीची शिफारस पुस्तिकेत नाही. मॉडेलं बदलतील, सियाझचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं तशी आणखी काही थांबतील. तपासण्याची रीत तीच राहील.

तरीही माझं मत विचारलं, तर ते सांगतो. गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची तयारी असेल आणि मागच्या सीटवर रोज माणसं असतील, तर नवी घ्यावी. पाच-सहा वर्षांत बदलायची असेल, तर चार ते सहा वर्षांची, एकाच मालकाकडची, सर्व नोंदी असलेली, साध्या पेट्रोल इंजिनाची आणि हातानं गिअर बदलण्याची सेडान कुपवाडच्या सर्वसाधारण घराला सगळ्यात फायद्याची पडते. पहिल्या मालकानं किमतीतली मोठी घसरण सोसलेली असते, आणि अशी गाडी आपल्या कुठल्याही चांगल्या मेकॅनिकच्या हातात बसते.

वाचकांना विनंती एकच आहे. गाडी पसंत पडल्यावर विक्रेत्याला सांगा, की उद्या सकाळी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन, लिफ्टवर चढवून गाडी बघायची आहे. जो हो म्हणेल, त्याच्याशी किमतीचं बोलणं सुरू करा. जो आजच टोकन मागेल, त्याला नमस्कार करून निघा. जिल्ह्यात सेडान पुष्कळ आहेत, दुसरी नक्की मिळेल.